माळावरची झाडं लांब लांब का उभी असतात?



पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या बचत गटांकडं एक काम हमखास येतं. गायरानावर नाहीतर डोंगराच्या उतारावर रोपं लावायची. खड्डे खणायचे, रोपांच्या पाट्या डोक्यावरून वर न्यायच्या, उन्हाळ्यात हंड्यानं पाणी घालायचं. यातलं बरंचसं काम आपल्याच वाट्याला येतं. आणि दोन वर्षांनी जाऊन बघावं तर एका बाजूला ओळीनं वाळलेल्या काटक्या आणि दुसऱ्या बाजूला पाच-सहा रोपं चांगली तरारलेली. रोपं एकाच रोपवाटिकेतली, लावली एकाच दिवशी, पाणीही सारखंच घातलं. मग असा फरक का पडला? कुणी म्हणतं रोप हलकं होतं, कुणी म्हणतं शेळ्यांनी खाल्लं. तेही खरं असतं. पण एक कारण आपल्या पायाखालीच असतं आणि त्याच्याकडं आपलं लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे जमिनीचा उतार.

आज आपण हा उतार वाचायला शिकू या.

आधी माळ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, पुरंदर, कर्जत या भागांतल्या बायांना माळ सांगायला नको. कुसळी, मारवेल, पवन्या असलं गवत, त्यात मधूनच एखादा हिवर, एखादी बोर, कुठं खैर, कुठं तरवडाची झुडपं. झाडाला झाड लागत नाही, मधून ऊन थेट जमिनीवर पडतं आणि म्हणूनच गवत वाढतं. जगात अशा प्रदेशाला सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेत सिंह आणि जिराफ फिरतात ते रान याच जातीचं. म्हणजे आपला माळ हा उजाड झालेलं जंगल आहे असं समजायचं कारण नाही. गवत आणि विरळ झाडं हेच त्याचं खरं रूप आहे.

आणि हे रूप कालपरवाचं नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांत, कथांत आणि ओव्यांत कोणकोणत्या झाडांची नावं येतात ते शोधून काढलं. तेराव्या शतकापासूनचं साहित्य त्यांनी तपासलं आणि २०२५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्या रानटी झाडाझुडपांची नावं सापडली, त्यांतली निम्म्याहून जास्त माळरानातली होती. सातशे वर्षांपूर्वीही आपल्या या भागात माळच होता, आणि तेव्हाही त्यावर बाभळी, बोरी होत्याच.

आता प्रश्न असा की झाडं विरळ का? पहिलं कारण पाऊस. महेश शंकरन आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र मांडली. त्यातून दिसलं की जिथं वर्षाला साधारण ६५० मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो, तिथं झाडांची जास्तीत जास्त किती गर्दी होऊ शकते हे पाऊसच ठरवतो. त्याहून जास्त पाऊस पडतो तिथं गर्दी आवरण्याचं काम वणवे आणि चरणारी जनावरं करतात. आपल्या माणदेशात पाऊस ५०० मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे आपण मर्यादेच्या खालीच आहोत.

हा आकडा समजायला सोपा आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्यावर एक लिटर पाणी. ५०० मिलीमीटर म्हणजे तेवढ्या तुकड्यावर वर्षभरात ५०० लिटर. आता रोपं तीन-तीन मीटरवर लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे साडेचार हजार लिटर पाऊस. तीच रोपं आठ-आठ मीटरवर लावली, तर वाट्याला चौसष्ट चौरस मीटर जमीन आणि बत्तीस हजार लिटर पाऊस येतो. यातलं सगळं पाणी झाडाला मिळत नाही. काही उन्हानं उडून जातं, काही गवत पितं, काही वाहून जातं. पण वाटा किती मोठा आहे ते तर कळलं. झाडाचा घेर वर जेवढा दिसतो, त्याच्या किती तरी पुढं त्याची मुळं पसरलेली असतात. दोन झाडांमधली जागा आपल्याला मोकळी दिसते, खाली मात्र ती कुणाच्या तरी मुळांनी व्यापलेली असते.

हा हिशेब सपाट जमिनीचा झाला. उतारावर तो बदलतो, कारण तिथं पाऊस जिथं पडतो तिथं थांबत नाही. वरच्या जागेला फक्त तिच्यावर पडलेलं पाणी मिळतं आणि त्यातलंही बरंच निसटतं. खालच्या जागेला स्वतःचं पाणी मिळतं आणि शिवाय वरून आलेलंही. पाण्याबरोबर माती निघते. बारीक, कसदार माती आधी वाहते, जाड खडा मागं राहतो. हजारो वर्षं हे चालू राहिलं की एकाच डोंगराच्या अंगावर चार तऱ्हेची जमीन तयार होते. आपण माथ्यापासून खाली चालत येऊ या.

अगदी माथ्यावर खडक असतो आणि त्यावर वितभर मुरूम. झाड इथं जगायचं म्हणजे अवघडच. तरीही खडकाच्या भेगेत एखादं झाड घट्ट उभं दिसतं. काही डोंगरांवर सालई असते, मोई असते. हे कसं जमतं? एक तर उघड्या कातळावर पडलेलं पाणी भेगेतच उतरतं, म्हणजे भेगेतल्या झाडाला आसपासच्या कातळाचंही पाणी मिळतं. दुसरं असं की कातळावर गवत कमी, म्हणून पाण्यात वाटेकरी कमी आणि वणव्याला जळायलाही काही नाही. तिसरं, शेळीचं तोंड तिथवर सहज पोचत नाही. म्हणून माथ्यावर दोन झाडांमधलं अंतर भेगा ठरवतात. भेग आहे तिथं झाड आहे. भेग नाही तिथं खड्डा खणून झाड लावलं, तर ते कुंडीत लावल्यासारखं होतं. कुंडी आटली की झाड वाळतं.

थोडं खाली आलं की मधला उतार लागतो. इथं मातीचा थर हातभर, कुठं जरा जास्त. हे गवताचं राज्य. घराला वरचा मजला आणि खालचा मजला असावा तशी इथली जमीन समजा. गवताची मुळं दाट, पण वरच्या मजल्यावर. पाऊस पडला की पहिला घोट त्यांचा. झाडाची मुळं खालच्या मजल्यापर्यंत गेली तर त्यांना वेगळं पाणी मिळतं आणि मग गवत आणि झाड सुखानं शेजारी राहतात. पण मुरमाखाली लगेच पक्का खडक असेल तर खालचा मजलाच नसतो. तिथं झाडालाही वरच्याच पाण्यावर गवताशी भांडावं लागतं आणि लहान रोप ते भांडण बहुतेक वेळा हरतं. म्हणून मधल्या उतारावर हिवर, खैर, बोर लांब लांब उभे असतात. जिथं मुरूम मऊ आहे किंवा खडक फुटका आहे तेवढ्याच जागा त्यांनी धरलेल्या असतात.

याच मधल्या उतारावर कधी कधी एक गंमत दिसते. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेत, म्हणून ते पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. काही थर सच्छिद्र असतात, पाणी मुरू देतात. त्याखाली घट्ट थर आला की पाण्याला खाली जाता येत नाही आणि ते आडवं सरकून डोंगराच्या अंगातून पाझरतं. तिथं एका सरळ आडव्या रेषेत झाडं हिरवी दिसतात. दिवाळीनंतर बाकी माळ पिवळा पडला की ही रेष लांबूनही ओळखू येते.

आणखी खाली पायथा. उताराचा जोर इथं संपतो, त्यामुळं वरून आलेली माती आणि पाणी दोन्ही इथं विसावतात. माती खोल, पण अजून तिच्यात बारीक खडा असतो, म्हणून पाणी आतवर मुरतं. झाडांना सगळ्यात मानवणारी जागा हीच. कडुनिंब, पळस इथं जवळजवळ वाढतात. ओढ्याच्या काठाला तर करंज, जांभूळ, उंबर एकमेकांच्या सावलीत उभे असतात.

मग आपण म्हणू, आणखी खालची सपाट काळी जमीन तर आणखी चांगली. पिकाला ती चांगलीच. झाडाच्या रोपाला मात्र ती सोपी नाही. काळी माती पाणी खूप धरते, पण ते सहजासहजी सोडत नाही. हलकीशी सर आली तर वरची चार बोटं ओली होतात आणि ऊन पडलं की तेही पाणी उडून जातं. मुरमात तीच सर थोडी खोल उतरते आणि उन्हापासून वाचते. शिवाय काळी माती पावसाळ्यात चिबडते, म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात कोवळी मुळं तुटतात. हे सगळं सोसणारी बाभूळ तिथं टिकते. म्हणून उघड्या काळ्या माळावर झाडं पुन्हा विरळ दिसतात.

ही रचना फक्त आपल्याकडंच नाही. जेफ्री मिल्न नावाचे मातीचे अभ्यासक १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत मातीचे प्रकार ठरावीक क्रमानं येतात आणि पुढच्या टेकडीवर तोच क्रम पुन्हा दिसतो. त्यांनी याला साखळी या अर्थाचा लॅटिन शब्द दिला, कॅटेना. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ही साखळी स्पष्ट दिसते. तिथं माथ्यावर वाळूमिश्रित माती आणि रुंद पानांची झाडं, तळाला चिकण माती, गवत आणि काटेरी झाडं. आपल्याकडं खडक वेगळा, झाडं वेगळी, पण कारण तेच. उतार माती चाळतो आणि पाणी वाटतो.

उताराचं तोंड कुठं आहे हेही बघायला हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. म्हणून पाऊस संपल्यावर दक्षिणेकडं तोंड असलेला उतार जास्त तापतो आणि लवकर वाळतो. उत्तरेकडच्या उतारावर ओल आणखी काही आठवडे राहते. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना झाडांची दाटी वेगळी का, याचं एक कारण हे. रोपाच्या पहिल्या वर्षात हे थोडे आठवडेसुद्धा मोलाचे असतात.

वणव्याचंही उताराशी नातं आहे. वणवा चढावर वेगानं पळतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडं कलतात आणि ते पेटण्याआधीच तापवून ठेवतात. म्हणून दाट गवताच्या चढावर लहान झाडं पुन्हा पुन्हा जळतात आणि बुंध्यापासून पुन्हा फुटतात. वर्षानुवर्षं ती झुडपासारखीच राहतात. त्यांना एक-दोन वर्षं आगीपासून वाचवलं तर तीच झुडपं झाडं होतात. त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात, त्यामुळं नव्या रोपापेक्षा ती लवकर वाढतात.

आता दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेकडं पुन्हा वळू. उतारावर ही जागा खालच्या झाडाचं पाणलोट क्षेत्र असते. वरच्या बाजूनं पाणी येतं, झाडाच्या बुंध्याशी, पाल्यापाचोळ्याशी अडतं, माती तिथं साचते, आणि झाडाखाली जमीन हळूहळू मऊ आणि कसदार होते. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात याचं टोक बघायला मिळतं. तिथं अगदी हलक्या उतारावर झाडाझुडपांचे आडवे पट्टे आहेत आणि पट्ट्यांच्या मध्ये उघडी जमीन. विमानातून वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखं दिसतं. उघड्या जमिनीवरचं पाणी वाहत खालच्या पट्ट्याला मिळतं आणि त्यावर तो पट्टा जगतो. मधली जमीनही झाडांनी भरली, तर एवढ्या थोड्या पावसात ते पाणी कुणालाच पुरणार नाही.

आपल्या माळावर त्या मोकळ्या जागेत गवत असतं आणि गवत म्हणजे आपल्या शेळ्यामेंढ्यांचा, गाईगुरांचा चारा. तिथं दाटीनं रोपं लावली तर दोन्हीकडून तोटा होतो. रोपं पाण्यावाचून मरतात किंवा खुरटतात आणि खड्डे, चर काढताना गवताचे गड्डे उपटले जातात. मग चाऱ्याचा भारा आणायला आणखी दोन कोस लांब जायचं कुणी? आपणच. त्या गवतावर जगणारी काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक यांचंही घर त्याबरोबर जातं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, ते अशाच गवताळ माळावर.

याचा अर्थ झाडं लावूच नयेत असा नाही. उताराला विचारून लावावीत. गटाला हे विचारणं सहज जमतं. त्यासाठी चार गोष्टी करा.

पहिली गोष्ट, उतार मोजा. दहा फूट लांबीचा सरळ वेळू घ्या. त्याच्या मधोमध अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी बांधा. एकीनं वरच्या बाजूचं टोक जमिनीला टेकवायचं, दुसरीनं खालचं टोक उचलायचं. बाटलीतलं पाणी दोन्हीकडं सारखं झालं की वेळू सपाट झाला. मग खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. एक फूट भरलं तर उतार दहा टक्के, दोन फूट भरलं तर वीस टक्के.

दुसरी गोष्ट, माती बघा. माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याला टिकावानं एकेक खड्डा घ्या. खडक किती खोलीवर लागतो, तो पक्का आहे की फुटका, ते बघा. मूठभर माती ओली करून दोन्ही तळव्यांत वळा. लांब वळी झाली तर माती चिकण, तुटून पडली तर मुरमाड. पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं याच जागांची ओल हातानं तपासा. ओल कुठं टिकते ते कळलं की रोपाची जागा कळली.

तिसरी गोष्ट, जुन्या झाडांकडून अंतर शिका. त्याच उतारावर आपोआप उगवून मोठी झालेली झाडं शोधा आणि त्यांच्यातली अंतरं पावलांनी मोजा. मधल्या उतारावर हिवराला हिवर वीस पावलांवर असेल, तर तिथं पाच पावलांवर खड्डे घेणं म्हणजे मुद्दाम भांडण लावून देणं. पायथ्याला झाडं जवळ असतील तर तिथं तुम्हीही जवळ लावा. जुनी झाडं पूर्वी तोडली गेली असतील तर त्यांचे खुंट शोधा आणि तेही हिशेबात धरा.

चौथी गोष्ट, लावण्याची पद्धत. ओळी उताराला आडव्या ठेवा आणि वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध खालच्या ओळीतलं रोप येऊ द्या, म्हणजे वरून निसटलेलं पाणी खालच्याला मिळेल. रोपाभोवती अर्धचंद्रासारखं आळं करा. त्याचं उघडं तोंड चढाकडं, बांध उताराकडं. रोपाच्या आजूबाजूचं दोन-तीन फुटांतलं गवत पहिली दोन वर्षं कापत राहा. आच्छादनाला दगड वापरा. माळावर दगडांना तोटा नाही, ते ओल धरतात आणि जळत नाहीत. बोर, हिवर, खैर, कडुनिंब यांचं बी थेट जागेवर टोकून बघा. पिशवीत मूळ गोल फिरतं, जागेवर रुजलेल्या बियाचं मूळ सरळ खाली जातं आणि भेग सापडली की तिच्यात शिरतं. काटेरी झुडपाच्या आडोशाला बी टोकलं तर शेळीपासूनही राखण होते.

आणि गवत चांगलं दाट असेल तर तो तुकडा तसाच सोडा. तिथं चर काढू नका. दाट गवत स्वतःच पाणी अडवतं आणि माती धरून ठेवतं. तिथलं काम म्हणजे चराईच्या पाळ्या ठरवणं आणि वणवा येऊ न देणं.

काम देणारे बऱ्याचदा खड्ड्यांचा आकडा ठरवूनच येतात. एवढ्या एकरात एवढे खड्डे, डोंगर कसाही असो. अशा वेळी ग्रामसभेत किंवा बैठकीत आपली मोजणी पुढं ठेवा. उतार इतका, माती इतकी, ओल इतके दिवस, जुनी झाडं इतक्या पावलांवर, म्हणून पायथ्याला इतकी रोपं, मधल्या उतारावर इतकीच आणि एवढा तुकडा चाऱ्याला. "आम्हाला वाटतं" असं म्हटलं तर कुणी ऐकेल, कुणी ऐकणार नाही. मोजून आणलेल्या आकड्याला मात्र उत्तर द्यावं लागतं.

पहिला चांगला पाऊस झाला की गटातल्या चौघीजणी वेळू, बाटली आणि टिकाव घेऊन माळावर जा. माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकदा चालत या, आणि जे दिसेल ते वहीत मांडून ठेवा. खड्डे त्यानंतर खणू.